स्पेसमधल्या रोपांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा सायटेशन इम्पॅक्ट आणि कोलॅबोरेशन मोजायचं कसं? (एम.लिब. डेझर्टेशन, मदत पाहिजे)

नांदेडची_पुस्तकअळी

नमस्कार मंडळी. एम.लिब. (ग्रंथालयशास्त्र) ला आहे, डेझर्टेशनला आमच्या सरांनी सांगितलं की एका शास्त्रज्ञाचा सायंटोमेट्रिक अभ्यास कर, म्हणजे पेपर किती, सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ) किती, कोणाकोणासोबत काम केलं असं. वर्गातल्या पोरापोरींनी रामन, कलाम, स्वामिनाथन अशी मोठी नावं पटापट उचलली. माझं बीएस्सी बॉटनी, म्हणून म्हटलं आपल्याला कळंल असं घ्यावं. २०२५ ला शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा मेथी आणि मुगाला मोड आणायचा प्रयोग होता ना, धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि तिथलीच आयआयटी, तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. वाचत वाचत फ्लोरिडा विद्यापीठाच्या रॉबर्ट फर्लपर्यंत पोचले. हे आणि अ‍ॅना-लिसा पॉल दोघं मिळून स्पेसमधल्या रोपांची लॅब चालवतात, २०२२ ला अपोलोनी आणलेल्या चंद्राच्या मातीत ज्यांनी अरॅबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगात नेहमी वापरतात ते छोटं रोप) उगवून दाखवलं ते हेच.

आता गाडी अडलीय ती अशी. गुगल स्कॉलरवर एक आकडा येतो, दुसरीकडं दुसरा, तिसरीकडं तिसराच. एच-इंडेक्स काढून दिला की झालं असं काही मैत्रिणी म्हणायलेत. आणि कोलॅबोरेशनला सर फॉर्म्युला मागायलेत, नुसता नकाशा चालणार नाही म्हणे. कुणाला यातलं माहिती असेल तर सांगा, आमच्या लायब्ररीत स्कोपस (पेपर-सायटेशनचा पैसे भरून घ्यायचा डेटाबेस) नाही हे धरून सांगा.

खवचट_लातूरकर

चंद्रावरच्या मातीत रोप आलं, आमच्या शिवारात दुबार पेरणी करूनही येईना 😄 चालू द्या. वाचायलोय.

ग्रंथालय_काका

पुस्तकअळी बाई, विषय चांगला घेतलास. मी अंबाजोगाईला कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, रिटायर झालो तरी खोड जात नाही म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हणजे तीन ठिकाणी तीन आकडे येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गुगल स्कॉलर जाळं टाकून जे सापडेल ते मोजतं, थेसिस, प्रीप्रिंट, कॉन्फरन्सची पीडीएफ, कधी कधी एखाद्या कॉलेजच्या साइटवरची नोट्ससुद्धा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स फक्त त्यांनी निवडलेली जर्नलं मोजतात. म्हणून स्कॉलरचा आकडा जवळपास नेहमी मोठा दिसतो. खरा कोणता असं विचारू नकोस, कोणत्या साठ्यातून कोणत्या तारखेला काढला ते लिही. आकड्याखाली तारीख नसेल तर परीक्षकानं पहिल्या पानावरच लाल पेन काढावा असं माझं मत आहे.

आता एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ ला काढला. एखाद्याचे पेपर सायटेशनप्रमाणं उतरत्या क्रमानं लाव. ज्या नंबरच्या पेपराला निदान तितकी सायटेशन आहेत, असा शेवटचा नंबर म्हणजे एच. समज ४०, २२, ९, ६, ५, ५, २ असे सात पेपर आहेत. पाचव्या पेपरला ५ सायटेशन आहेत, सहाव्याला ६ पाहिजे होते पण ५ च आहेत, म्हणून एच झाला ५. आता वरचा ४० वाला पेपर उद्या ४०० वर गेला तरी एच पाचच राहतो, हे लक्षात घे. हे खटकलं म्हणून लिओ एघेनं २००६ ला जी-इंडेक्स आणला, तो वरच्या पेपरांना वजन देतो. आणि गुगलचा आय-१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, वरच्या यादीत दोनच. तिन्ही काढ, पण तिन्हीवर पानंच्या पानं लिहू नको, एका तक्त्यात होतंय ते.

आणि एच वयाबरोबर फक्त वाढतो, कमी कधी होत नाही. माणूस रिटायर होऊन शेतात गेला तरी वाढत राहतो. त्यामुळं चाळीस वर्षं काम केलेल्याची आणि दहा वर्षं केलेल्याची तुलना एचनं करायची म्हणजे अन्याय आहे.

अजून एक, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नावापुढं लावू नको. तो जर्नलमधल्या पेपरांच्या सायटेशनचा सरासरी आकडा आहे. २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोला बसून लोकांनी जाहीरनामा केला, डोरा म्हणतात त्याला, त्यात हेच सांगितलंय.

नांदेडची_पुस्तकअळी

काका, खूप खूप धन्यवाद! तक्त्याचं कळलं. पण मग एवढंच केलं तर डेझर्टेशन दहा पानांत संपंल की 😅

रानभाजी

संपत नाही गं, खरी मजा तर पुढं आहे. मी बीडकडं बॉटनी शिकवते, फिजिऑलॉजी माझा विषय, म्हणून फर्लचं काम थोडंफार माहितीय.

या माणसाचं करिअर एका रानातलं नाहीच. आधीची बरीच वर्षं ते साध्या जमिनीवरच्या प्लांट मॉलिक्युलर बायोलॉजीत होते. मका आणि अरॅबिडॉप्सिसमधला अल्कोहोल डिहायड्रोजनेजचा जीन, म्हणजे मुळांना ऑक्सिजन कमी पडला की जो चालू होतो तो (आपल्याकडं अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात उभं राहतं तेव्हा मुळांत हीच बोंब असते). नंतर १४-३-३ नावाची प्रोटीन्स, त्यावर त्यांचे रिव्ह्यूसुद्धा आहेत. हे १४-३-३ सिग्नलिंगवाल्या सगळ्यांच्या कामाचं, त्यात ताणावर काम करणारे आले, फुलं येण्यावर करणारे आले, त्यामुळं तिथं सायटेशन देणारे हात जगभर आहेत. स्पेस प्लांट बायोलॉजीत काम करणारे मूठभर. आता तू दोन्ही एकत्र करून एक एच-इंडेक्स काढलास आणि खाली लिहिलंस की 'स्पेस बायोलॉजीतला यांचा प्रभाव', तर ते चूक होईल, कारण तो आकडा कोणत्या रानातून आलाय हेच त्यात दिसत नाही. कोरडवाहू आणि बागायती एकाच एकरी उताऱ्यानं मोजल्यासारखं होईल ते.

म्हणून माझं सांगणं, प्रत्येक पेपर उघड, ॲबस्ट्रॅक्ट वाच आणि हातानं शिक्का मार: जमिनीवरचं, स्पेसमधलं, दोन्हीतलं. कीवर्डनं होणार नाही. कामून होणार नाही ते सांगते. १९९९ ला कोलंबिया यानाचं एसटीएस-९३ उड्डाण झालं, त्यात यांनी पाठवलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये तोच अल्कोहोल डिहायड्रोजनेजचा प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) रिपोर्टर जीनला जोडलेला होता, म्हणजे स्पेसमध्ये रोपाला ताण कुठं जाणवतो ते रंगानं दिसावं. जुन्या कामातलं हत्यार नव्या कामात. असे पेपर 'दोन्हीतलं' मधे टाकायचे आणि त्यांना कोण सायटेशन देतंय, जमिनीवरचे की स्पेसवाले, ते बघायचं. ते तुझ्या डेझर्टेशनचं सगळ्यात चांगलं प्रकरण होईल.

ज्वारीवाला_परभणी

रानभाजी मॅडमना दुजोरा. आणि अजून एक बाजू अशी की स्पेसमधल्या प्रयोगाची संख्याच कमी असते हो. स्टेशनवर व्हेजी नावाचा रोपं वाढवायचा डबा २०१४ ला बसला, त्यापेक्षा मोठा ॲडव्हान्स्ड प्लांट हॅबिटॅट २०१७ ला. म्हणजे सगळ्या जगाच्या वनस्पतीवाल्यांना मिळून जागा एवढीशी. अंतराळवीराचा वेळ मागायचा, वजन कमी करायचं, परत आणायची सोय करायची, जमिनीवर तसाच कंट्रोल प्रयोग लावायचा, आणि उड्डाण पुढं ढकललं की सगळं पुढं. आमच्याकडं एक खरीप हुकला तर पुढच्या वर्षी पेरता येतं. त्यांचं एक उड्डाण हुकलं तर काय सांगावं. चंद्राच्या मातीवाल्या प्रयोगाला नासानं दिलेली माती किती होती माहितीय का, १२ ग्रॅम. अपोलो ११, १२ आणि १७ ची मिळून. प्रत्येक रोपाला चमचाभर पण नाही.

तर 'दर वर्षी किती पेपर' हा आकडा काढून यांची उत्पादकता कमी असं लिहू नका, एवढंच सांगतो.

खवचट_लातूरकर

म्हणजे पेपर कमी आले तर कारण आहे, सायटेशन कमी आले तर कारण आहे, जास्त आले तरी ते दुसऱ्या रानातले. मग मोजता कशाला? आमच्या ओळखीत एकानं प्रमोशनसाठी पैसे भरून जर्नलात पेपर छापून घेतले होते, त्याचा आकडा एकदम चोख होता.

ग्रंथालय_काका

लातूरकर, तुमचा राग कळतो. एपीआय स्कोअर (प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायची पद्धत) आला तेव्हापासून पेपर छापायचा धंदा कसा फोफावला ते मी ग्रंथालयात बसून बघितलंय. चांगल्या जर्नलांची यादी असावी म्हणून यूजीसीनं केअर यादी आणली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. पण पोरीचा अभ्यास नोकरी द्यायचा नाही, माणसाचं काम कुठं पोचलं ते बघायचा आहे. आकडा वाईट नसतो, तो कशाला वापरला त्यावर आहे. तिला मोजू द्या.

देवगिरी_एक्सप्रेस

मूळ जालन्याचा, पुण्यात डेटाचं काम करतो. टूल्सचं मी सांगतो.

स्कोपस नाही तर रडायचं काम नाही. ओपनॲलेक्स वापर. २०२२ च्या जानेवारीपासून चालू आहे, पूर्ण फुकट, मायक्रोसॉफ्टनं त्यांचा ॲकॅडेमिक ग्राफ बंद केला तेव्हा त्याच्या जागी हे उभं राहिलं. लेखकाचं नाव टाकलं की पेपर, सहलेखक, संस्था, देश, वर्षावार सायटेशन सगळं उतरवता येतं. दुसरं, पबमेडवरचे (वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरांची फुकट यादी) पेपर असतील तर अमेरिकेच्या एनआयएचचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं, आयसाइट उघड. तिथं रिलेटिव्ह सायटेशन रेशो मिळतो, म्हणजे तो पेपर ज्यांच्यासोबत साइट होतो त्या पेपरांवरून त्याचं क्षेत्र ठरवतात आणि त्या क्षेत्राच्या मानानं सायटेशन किती ते काढतात. १.० म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांचा मधला पेपर. वर मॅडमनी जे दोन रानांचं सांगितलं त्यावर हाच उतारा आहे, निदान थोडाफार. स्कोपसमधलं फील्ड-वेटेड इम्पॅक्टही त्याच जातीचं, तिथं १ म्हणजे जगाची सरासरी.

मग व्हीओएसव्ह्यूअर. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या लोकांनी केलंय, फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, ओपनॲलेक्समधून थेट डेटा पण ओढतं. सहलेखकांचा नकाशा पाच मिनिटांत येतो आणि तिथंच सगळे फसतात. दोन गोष्टी बघ. एक, फुल काउंटिंग ठेवायचं की फ्रॅक्शनल ते आधी ठरव. तिघांचा पेपर असेल तर फुलमधे प्रत्येकाला पूर्ण एक, फ्रॅक्शनलमधे वाटणी. दुसरं, मोठ्या लेखक-यादीचे पेपर गाळायचं एक खोकं असतं, त्याची मर्यादा आधीपासून २५ लेखकांवर ठेवलेली असते. ते कळलं नाही तर तुझ्या नकाशातून आख्खे पेपर गायब होतील आणि तुला पत्ताही लागणार नाही.

नांदेडची_पुस्तकअळी

देवगिरी दादा, २५ पेक्षा जास्त लेखक असलेला पेपर असतो का वनस्पतींमधे?

देवगिरी_एक्सप्रेस

असतो की. स्पेस बायोलॉजीत तर आता नेहमीचंच होत चाललंय. नासाच्या जीनलॅबचे ॲनालिसिस वर्किंग ग्रुप आहेत, जगभरातले लोक ऑनलाइन जमतात, आधीच्या उड्डाणांचा डेटा एकत्र करून पेपर लिहितात, यादी लांबच लांब. वनस्पतींचा वेगळा ग्रुप आहे. तुला स्वतःला पण जॉइन होता येतं, विद्यार्थी चालतात तिथं.

आणि लांब यादी म्हणजे काय ते बघायचं असेल तर आपल्या हिंगोलीकडंच बघ, औंढ्याजवळ लायगो होतंय ना. लायगोचा २०१६ चा गुरुत्वीय लहरींचा पहिला पेपर हजारावर लेखकांचा आहे. फुल काउंटिंगनं त्या प्रत्येकाच्या नावावर तो आख्खा पेपर आणि त्याची सगळी सायटेशन. फ्रॅक्शनलनं प्रत्येकाला हजारावा भाग. दोन्ही टोकं विचित्रच वाटतात, म्हणून दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेव.

ज्वारीवाला_परभणी

नावांचं पण सांगा हो तिला. नकाशात एक माणूस तीन ठिकाणी दिसतो तो प्रकार.

देवगिरी_एक्सप्रेस

हाव, ते राहिलंच. अ‍ॅना-लिसा पॉल यांचं नाव जोडरेघेचं आहे. कुठं पूर्ण नाव, कुठं दोन आद्याक्षरं, कुठं एकच. एकच आद्याक्षर ठेवून शोधलं तर आपल्या बंगालमधले सगळे पॉल गोळा होऊन येतील. व्हीओएसव्ह्यूअरमधे थिसॉरस फाइल देता येते, साधी दोन रकान्यांची, डावीकडं जे नाव सापडलं ते, उजवीकडं त्याच्या जागी काय धरायचं ते. हे काम हातानंच करावं लागतं आणि कंटाळवाणं आहे, पण त्याच्याशिवाय नकाशा छापू नको. ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख-नंबर) असेल तर सोळा आकडे एका माणसाचेच, त्यावरून ताळा कर.

रानभाजी

नावांवरून माझं दुखणं सांगते. लग्नाआधीचे माझे पेपर एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्या. स्कॉलरच्या हिशोबात मी कितीतरी दिवस दोन बाया होते. त्यात आपली विद्यापीठं. १९५८ चं मराठवाडा विद्यापीठ, १९९४ ला नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, त्याच वर्षी नांदेडचं वेगळं झालं, मग शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. परभणीचं १९७२ चं मराठवाडा कृषी विद्यापीठ, २०१३ पासून वसंतराव नाईक. एकाच इमारतीत एकाच टेबलावर बसून केलेलं काम चार संस्थांच्या नावावर विखुरलेलं दिसतं. आणि पाटील, जाधव, देशमुख, शिंदे यांची गर्दी तर विचारूच नका. अमेरिकन शास्त्रज्ञ घेतलास ते या एका बाबतीत बरं झालं, फ्लोरिडा तिथल्या तिथंच आहे. तरी विभागाचं नाव आणि संक्षेप बदलत असतात, ते जोडून घे.

ग्रंथालय_काका

आता फॉर्म्युल्याकडं येऊ, सर मागायलेत म्हणतेस ना. आपल्या एम.लिब. वाल्यांचा लाडका म्हणजे के. सुब्रमण्यम यांचा १९८३ चा डिग्री ऑफ कोलॅबोरेशन. एकापेक्षा जास्त लेखकांचे पेपर भागिले एकूण पेपर. ५० पेपर, त्यात ४८ सहलेखकांचे, म्हणजे ०.९६. प्रत्येक डेझर्टेशनमधे हा असतो आणि प्रत्येकात उत्तर ०.९ च्या पुढं. आजच्या बायोलॉजीत एकट्यानं पेपर लिहितो कोण? त्यामुळं हा आकडा आज काहीच सांगत नाही, तरी सरांसाठी एका ओळीत दे आणि पुढं जा.

त्यापेक्षा जोडीची ताकद काढ. फर्ल आणि पॉल यांचे बहुतेक स्पेसमधले पेपर सोबतचे आहेत, मग ती जोडी किती घट्ट हे मोजता येतं. उदाहरणाला धर (हे खरे आकडे नाहीत, हिशोब दाखवायलोय), एकाचे १०० पेपर, दुसऱ्याचे ८०, सोबतचे ६०. जकार्ड म्हणजे ६० भागिले दोघांचे मिळून वेगवेगळे पेपर, १०० अधिक ८० वजा ६०, म्हणजे १२०. उत्तर ०.५. साल्टन म्हणजे ६० भागिले १०० गुणिले ८० चं वर्गमूळ, ते येतं ८९.४४, उत्तर ०.६७. आता हेच बाकीच्या सहलेखकांसोबत काढ. म्हणजे कायमचा जोडीदार कोण आणि एका प्रयोगापुरता आलेला कोण ते वेगळं दिसंल. पाच-पाच वर्षांचे तुकडे करून काढलंस तर जोडी कधी जमली तेही दिसंल.

रानभाजी

काका, यात एक भर. एका प्रयोगापुरता आलेला माणूस कमी महत्त्वाचा असं समजू नये. चंद्राच्या मातीच्या पेपरावर तीनच नावं आहेत, पॉल, स्टीफन एलार्डो, फर्ल. एलार्डो भूगर्भशास्त्रवाले, त्याच विद्यापीठातले. तुमच्या साल्टननं त्यांचा आकडा अगदी बारीक येईल. पण माती कोणत्या जागेची, किती काळ वरच्या थरात उघडी पडलेली, त्यातले खनिज काय हे कळल्याशिवाय रोपांनी ताण का दाखवला ते सांगताच येत नव्हतं. रोपं तर आली, पण खुरटली, आणि जीन बघितले तर खारट जमिनीत किंवा जड धातूंत वाढल्यासारखी चालू झालेली. जास्त जुन्या, उघड्या पडलेल्या मातीत, म्हणजे अपोलो ११ च्या, जास्त हाल. हे वाक्य बॉटनीवाला एकटा लिहूच शकत नाही.

म्हणून पुस्तकअळी, सहलेखकांच्या पुढं त्यांचा विषयही लिही. वनस्पतीवाला, भूगर्भवाला, इंजिनिअर, डेटावाला. आणि नावाची जागा बघ. बायोलॉजीत पहिलं नाव ज्यानं हात काळे केले त्याचं, शेवटचं ज्याची लॅब त्याचं, असा साधारण रिवाज. भौतिकशास्त्रात कित्येकदा अक्षरानुक्रम असतो, तिथं हे चालत नाही.

ज्वारीवाला_परभणी

मला एक खुपतंय ते बोलतो. सायटेशन म्हणजे नाव घेतलं एवढंच ना? चंद्राच्या मातीचा पेपर आला तेव्हा जगभर बातम्या झाल्या, आता स्पेसमधल्या शेतीवर जो तो पेपर लिहितो त्याच्या पहिल्या परिच्छेदात त्याचं नाव असणारच, 'चंद्राच्या मातीत रोपे उगवली आहेत', संपलं. त्याचा उपयोग कुणी केला का हे आकडा सांगतो का? उलट बाजू सांगतो. परभणीची सोयाबीनची एमएयूएस-७१ जात बघा, मराठवाड्यात किती शेतकऱ्यांनी पेरली. परभणी शक्ती, लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी, इक्रिसॅटसोबत (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक-संशोधन संस्था) काढली, २०१८ ची. शेतकरी पेरतो पण सायटेशन देत नाही.

देवगिरी_एक्सप्रेस

ज्वारीवाले दादा, याला थोडा इलाज आहे. सिमँटिक स्कॉलर उघडा, फुकट आहे. कोणत्या पेपरनं कोणत्या वाक्यात नाव घेतलं ते दाखवतं आणि पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष असे गट पण पाडतं. यंत्रानं पाडलेले गट आहेत, डोळे झाकून धरायचे नाहीत, पण पद्धतीसाठी घेतलेलं नाव आणि प्रस्तावनेत घेतलेलं नाव वेगळं करता येतं. वरच्या दहा पेपरांची सायटेशन वाक्यं हिनं स्वतः वाचावीत. त्यातला बातम्यांचा गाजावाजा वेगळा दाखवायचा असेल तर अल्टमेट्रिकचा (बातम्या-सोशल मीडियातले उल्लेख मोजणारा) रंगीत गोल आहेच, पण तो सायटेशनच्या तक्त्यात मिसळू नको.

आणि स्पेस बायोलॉजीत सगळ्यात मोठी गळती कुठं होते सांगू? डेटात. उड्डाणाचा आरएनए डेटा नासाच्या ओपन सायन्स डेटा रिपॉझिटरीत जातो, आधी जीनलॅब म्हणायचे, प्रत्येक संचाला स्वतःचा नंबर असतो. दुसरा कुणी तो डेटा उतरवून स्वतःचा पेपर काढतो आणि मेथड्समधे फक्त तो नंबर लिहितो, मूळ पेपर यादीत घेतोच असं नाही. मग सायटेशनच्या हिशोबात तो वापर दिसत नाही. ज्या क्षेत्रात एक प्रयोग करायला इतका खटाटोप, तिथं डेटा परत परत वापरला जाणं हाच खरा प्रभाव म्हणायला पाहिजे. फर्ल-पॉल लॅबच्या संचांचे नंबर काढ आणि ते नंबर जसेच्या तसे गुगल स्कॉलरमधे टाकून शोध, अवतरणचिन्हात. जे सापडेल त्याचा वेगळा तक्ता. हे आपल्याकडच्या डेझर्टेशनमधे मी तरी कुणी केलेलं बघितलं नाही.

नांदेडची_पुस्तकअळी

दादा हे भारीच आहे!! हे नक्की करणार. सेल्फ-सायटेशनचं काय करू? मैत्रीण म्हणाली काढूनच टाक.

ग्रंथालय_काका

काढून टाकायचेच. स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारलेली कशाला मोजायची.

देवगिरी_एक्सप्रेस

काका, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. क्षेत्र मोठं असेल तर ठीक. इथं आधीच्या उड्डाणाचा निकाल पुढच्या उड्डाणाचा पाया असतो आणि तसं उड्डाण करणारे दुसरे फार कुणी नसतातच, मग स्वतःचा आधीचा पेपर नाही सांगायचा तर कुणाचा सांगायचा? आणि सेल्फ म्हणजे कोण? फर्लच्या पेपराला पॉलनी दिलेलं सायटेशन सेल्फ धरायचं का? सहलेखकांसकट काढलंत तर अर्धं शास्त्रच निघून जाईल.

ग्रंथालय_काका

जाऊ दे ना मग. आकडा खरा तर येईल.

रानभाजी

भांडू नका दोघं 😀 स्टॅनफर्डचे आयोनिडिस आणि त्यांची मंडळी दरवर्षी ती जगातल्या वरच्या २ टक्के शास्त्रज्ञांची यादी काढतात ना, आपल्याकडं जिचे फ्लेक्स लागतात ती, तिच्यात दोन्ही रकाने असतात, सेल्फ धरून आणि सोडून. पुस्तकअळीनंही तसंच करावं, आणि सेल्फ म्हणजे काय धरलं ते एका वाक्यात लिहावं.

खवचट_लातूरकर

फ्लेक्सवरून आठवलं, एका ठिकाणी यादीत नाव आलं म्हणून मिरवणूक निघाली होती, घोडा होता. असो. मला एक खरंच विचारायचंय, चीननं चंद्रावर कापूस उगवला होता ना? तो कुठं बसतो या हिशोबात?

ज्वारीवाला_परभणी

हाव, चांग'ई-४ यानात, २०१९ च्या जानेवारीत. बंद डब्यात कापसाच्या बियाला कोंब आला, चंद्राची रात्र लागली, थंडीनं गेला. तिथं बोंडअळी नव्हती तरी गेला 😄 पण तो चंद्राच्या मातीत नव्हता, सोबत नेलेल्या मातीत होता. फर्ल-पॉलनी माती चंद्राची घेतली पण रोप पृथ्वीवरच्या लॅबमधे वाढवलं. दोन वेगळे प्रश्न आहेत ते.

रानभाजी

आणि जुन्या कामाची अडचण तर अजून मोठी. अरॅबिडॉप्सिसनं स्पेसमधे पहिल्यांदा फुलून बी धरलं ते १९८२ ला सोव्हिएत सॅल्यूट-७ वर, लिथुआनियाच्या लोकांचा प्रयोग. त्या काळचं सोव्हिएत काम बरंचसं रशियनमधे छापलेलं, आपल्या या डेटाबेसांत नीट नाही. म्हणून 'या क्षेत्रातलं सर्वाधिक सायटेड' असं विधान करताना हे रशियन काम बाहेर राहिलंय हे लिहावं लागतं. आपल्या इस्रोनं २०२४ च्या ३० डिसेंबरला पीएसएलव्ही-सी६० सोबत क्रॉप्स नावाचा डबा पाठवला, त्यात चवळीला कोंब आला, दोन पानं फुटली, सगळ्या मोबाइलवर फोटो फिरला. त्याचं सायटेशन आत्ता शोधलं तर काय मिळणार? वेळ जावा लागतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातले उड्या मारणारे जीन १९४० च्या दशकात पकडले, नोबेल मिळालं १९८३ ला.

नांदेडची_पुस्तकअळी

सगळ्यांचे खूप आभार. काल सरांना भेटून आराखडा दाखवला, थोडक्यात इथं टाकते. डेटा ओपनॲलेक्समधून, तारीख लिहून, स्कॉलरचा आकडा शेजारी फक्त तुलनेला. पेपर हातानं तीन गटांत. एच, जी, आय-१० एका तक्त्यात. पबमेडवर सापडतील त्यांना आयसाइटचा रेशो, गटानुसार. जोडीची ताकद साल्टननं, पाच वर्षांच्या तुकड्यांत, आणि सहलेखकांचे विषय वेगळ्या रकान्यात. सेल्फ धरून आणि सोडून दोन्ही. डेटा-संचांच्या नंबरांचं शेवटचं प्रकरण. सर म्हणाले डिग्री ऑफ कोलॅबोरेशन पाहिजेच, घालते एका ओळीत.

त्यांनी एक शंका काढली. म्हणाले फर्ल २०२४ च्या ऑगस्टमधे स्वतः ब्लू ओरिजिनच्या यानातून वर गेले आणि हातानं रोपांचा प्रयोग केला, तो पेपर आला की त्याचं सायटेशन प्रयोगासाठी पडंल की माणूस वर गेला म्हणून पडंल?

देवगिरी_एक्सप्रेस

सायटेशन वाक्यं वाच, दुसरा मार्ग नाही. आणि तुझी थिसॉरस फाइल झाली की इथं टाक, पॉल नावाची सगळी रूपं असलेली. पुढच्याचा वेळ वाचंल.

ज्वारीवाला_परभणी

पुस्तकअळी, हेच सगळं परभणीच्या ज्वारीवाल्यांवर करता येईल का? नावबदलाची थिसॉरस फाइल मी करून देतो, जुने सगळे स्पेलिंग माझ्याकडं आहेत.

ग्रंथालय_काका

त्याला वेगळा धागा काढा, मी येतो. वाणांची अधिसूचना कशी मोजायची तेही त्यातच बघू.